विहीर भरल्याचा फोन

माहेरच्या आमच्या गल्लीतली विहीर भरली, असा शकुनकाकूचा फोन आला आणि मला घरात बसवेना.

तशी बातमी आनंदाची. भर मे महिन्यात, तिकडे कन्हानच्या बाजूला हापशा नुसता वारा ओकत असताना, तीसेक वर्षं कोरडी पडलेली विहीर वाकून हात बुडवता येईल इतकी वर आली, म्हणजे पेढे वाटायचीच गोष्ट. काकूनं ते वाटलेही होते. मी मात्र चहा ओट्यावर तसाच ठेवून बाल्कनीत गेले, परत आत आले, चालू पंखा उगाच बंद करून पुन्हा लावला. पाणी आलं म्हणून कोणी असं तोंड करतं का, नवऱ्यानं विचारलं. त्याला काय सांगणार? तो शहरात, बर्डीत वाढलेला. त्याच्या लेखी जमीन खाली असते आणि तिथेच राहते.

माझं तसं नाही. कोणाच्याही नव्या घरी गेले की मी अजून टाचेनं फरशी ठोकून बघते. मेट्रो गेली की आमच्या चौथ्या मजल्यावरचे पेले ताटाळ्यात किणकिणतात आणि ते थांबेपर्यंत घास माझ्या तोंडात तसाच राहतो. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. मी साधं पाणीही फुंकून पिणाऱ्यांतली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळीच कन्हानची बस धरली.

पुलावरून नदी दिसली. उन्हाळ्यातली कन्हान म्हणजे मधे पाण्याची बारीक धार आणि दोन्हीकडे वाळू. लहानपणी ही वाळू आम्हाला नदीची वाटायचीच नाही, खाणीची वाटायची. खालून कोळसा काढला की मागे जी पोकळी राहायची, तिच्यात ही वाळू पाण्याबरोबर नळानं सोडायचे, वरची जमीन बसू नये म्हणून. तो जाड लोखंडी नळ आमच्या गल्लीच्या मागून जायचा. वाळू सुटली की त्याच्या पोटात खर्रर्र सुरू व्हायचं. आम्ही पोरं त्याला गाल लावून बसायचो. नळ गार असायचा आणि गालावर गंजाचा तांबडा पट्टा उठायचा, तो दिवसभर कोणी पुसायचं नाही.

आई त्या आवाजावर निजायची. नळ वाजत असला की म्हणायची, "चाला, आपल्या खाली भरून राहिले." आणि तो आठ-आठ दिवस मुका राहिला की तिची चिडचिड व्हायची, भाजीत मीठ जास्त पडायचं, आमच्या पाठीत धपाटेही जास्त पडायचे. नळ का मुका राहतो हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

जिथे वाळू पोचली नाही तिथे जमीन आपल्या मनानं बसत गेली. आमच्या घरातली पहिली भेग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून निघाली आणि चुलीपर्यंत गेली. आईनं ती शेणामातीनं लिंपली, चार महिन्यांनी ती पुन्हा उघडली, आईनं पुन्हा लिंपली. दोघींचं असं वर्षानुवर्षं चालू होतं. भिंतीवरची तसबीर दर पावसाळ्यानंतर तिरपी दिसायला लागायची. आई ती सरळ करायला गेली की बाबा हसायचे आणि म्हणायचे की तसबीर आपल्या जागी बरोबर आहे, भिंत वाकडी झाली.

उन्हाळ्यात त्या भेगेतून गार हवा यायची. दुपारी आम्ही तिच्या बाजूनं पालथे पडायचो. ओल्या कोळशाचा, गंजाचा, विझलेल्या काडीचा असा काहीतरी वास होता तो. बाबा पाळीवरून आले की त्यांच्या बनियनलाही हाच वास. म्हणून मला वाटायचं, बाबा ह्या भेगेच्या खालीच काम करतात. आई ताटं मांडायला लागली की मी भेगेला तोंड लावून "बाबा, जेवायले चाला" म्हणून हाक मारायची. बाबा थोड्या वेळानं पुढच्या दारानं यायचे आणि मला त्यात काही चुकीचं वाटायचं नाही. माझ्या सगळ्या चांगल्या गोट्या त्या भेगेत गेल्या. एक सोडायची आणि ऐकत राहायचं. टक, टक, टक, आणि मग काहीच नाही. ते काहीच नाही मला फार आवडायचं.

बाबा खाणीत सरदार होते. सरदार म्हटलं की लोकांना घोडा आठवतो. खाणीतला सरदार म्हणजे पाळी सुरू व्हायच्या आधी आत जाऊन छत तपासणारा माणूस. त्याच्या हातात सागवानी काठी, तिला पितळेचं टोपण. छताला ठोकायचं आणि ऐकायचं. ठण्ण वाजलं तर ठोस, ढब वाजलं तर दगड वरून सुटलेला. ठोस असेल तिथे खडूनं बरोबरची खूण करायची, ढब असेल तिथे फुली. ती खूण पडल्याशिवाय कोणी कुदळ उचलायचा नाही. खाली काम करणारी माणसं बाबांच्या कानावर आपला जीव ठेवून भाकरी खात होती.

ही काठी घरीही यायची. बाबांना ठोकायची सवयच लागली होती. बाजारात टरबूज ठोकायचे, शाळेत मास्तरांना भेटायला आले तर फळा ठोकायचे. मला बघायला गांधीबागेतल्या कापडवाल्यांचं स्थळ आलं, मग आम्हीही त्यांचं घर पाहायला गेलो. चकचकीत फरशी, चांदीच्या वाटीत काजू. बोलणं रंगात आलं असताना बाबा उठले आणि त्या दिवाणखान्याचे चारही कोपरे काठीनं ठोकून आले. परत बसून समाधानानं म्हणाले, ठोस आहे, पोरगी द्यायला हरकत नाही. मुलाच्या आईनं काजूची वाटी आत नेली. घरी आल्यावर आईनं दोन दिवस अबोला धरला. पुढच्या स्थळानं काठीबद्दल बाबांना शंभर प्रश्न विचारले आणि स्वतःच्या घराची भिंत ठोकून मागितली. त्याच्याशी माझं लग्न झालं. तोच हा, पाणी आलं म्हणून कोणी असं तोंड करतं का विचारणारा.

आणि विहीर. विहीर आईची होती, म्हणजे गल्लीचीच, पण दोर आईचा. माझ्या लहानपणी पाणी इतकं वर की आकाश त्यात स्वच्छ दिसायचं. मग दर उन्हाळ्यात आई दोराला नवा तुकडा जोडायला लागली. दोन गाठी, चार गाठी, सात. मी दहावीत होते तेव्हा तो दोर एकटीला उचलवत नव्हता. पुढे बादलीत चिखल यायला लागला आणि एका सकाळी बादली खाली आपटल्याचा आवाजच नुसता वर आला. आई काठावर बसून राहिली. त्या दिवशी आमच्याकडे चूल उशिरा पेटली.

गंमत अशी की पाणी कुठे गेलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. खाण बुडू नये म्हणून रात्रंदिवस पंप चालायचे आणि ते पाणी पलीकडच्या नाल्यात पडायचं. आमच्याच विहिरीचं पाणी आम्ही नाल्यावरून भरून आणायचो. कोमट असायचं, तांबूस असायचं. त्यात धुतलेले शाळेचे पोशाख पिवळे व्हायचे. सगळ्या वर्गाचेच पिवळे, म्हणून कोणी कोणाला हसायचं नाही. बर्डीच्या कॉलेजात गेले तेव्हा कळलं की पांढरा हा वेगळा रंग असतो.

खाण बंद झाली त्याला काही वर्षं झाली. भोंगा थांबला, पंप थांबले. त्या वर्षी बाबांनी मला एक गोष्ट सांगितली होती, तीच फोन आल्यापासून डोक्यात घोळत होती. वर जमीन पेलायला खाली कोळशाचे खांब सोडलेले असतात. ते कोरडे आहेत तोवर खांब, भिजले की चिखलाचे भाऊ. पंप बंद झाला की पाणी खालून भरत वर येणार, खांब भिजवत येणार. विहीर भरली म्हणजे खाली सगळं भरलं. काकू पेढे वाटत होती आणि मला हे दिसत होतं.

जागा सोडा अशी नोटीस मागेच आली होती. कन्हानच्या दुसऱ्या अंगाला सगळ्यांना जागा मिळणार होती. गल्ली हलली नाही, कारण बाबा. खाण बंद झाल्यापासून दर रविवारी ते गल्लीतली बाराही घरं ठोकत. वरून ठोकून खालच्या दीडशे हातांचं काही कळत नाही, हे ते स्वतःच सांगत. पण फरशीखालची माती सुटली तर कळतं, आणि ती सुटली की निघायचं. ठोस वाजलं की ते चौकटीवर खडूनं बरोबरची खूण करायचे. बाया सण आला, भिंती रंगवल्या तरी ती खूण तेवढी पुसायच्या नाहीत, कोणी तर तिच्याभोवती रांगोळीचे ठिपके काढायची. सरदार ठोस म्हणाला ना, मग झालं.

मी पोचले तेव्हा त्यांची फेरीच चालली होती. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही पाठ सरळ. मी मागून हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा समोरून येणाऱ्या बाईनं बोट दाखवलं आणि मग ते वळले. मला बघून चेहरा उजळला. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "पाणी आलं वं बाई. तुझी आई असती तं दोर फेकून देल्ला असता तिनं."

मी खांबांचं विचारलं. त्यांनी मान हलवली आणि सांगितलं की हो, जेवलो सकाळीच.

शकुनकाकूच्या घरात मी त्यांच्या मागोमाग गेले. काकू आईची मैत्रीण, आता एकटीच राहते. तिनं विहिरीच्या पाण्यात भात टाकला होता. त्याला तो जुना गंजाचा वास होता. बाबांनी बसायच्या खोलीत मधोमध काठी आपटली.

ढब.

बाबांनी जरा थांबून, मान तिरपी करून, अगदी पूर्वीसारखं ऐकलं. मग खिशातून खडू काढला, चौकटीवर खूण केली आणि म्हणाले, "ठोस." काकूनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लगेच भात हलवायला वळली. बाजूच्या वरणाच्या कुकरची शिटी झाली, मी दचकले, बाबांची पापणीही हलली नाही.

त्यानंतरची दुपार मी कशी काढली ते माझं मला माहीत. जेवले नाही. विहिरीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. पाण्यात आकाश नव्हतं, तांबूस तवंग होता. चार वाजता विहारात बैठक होती. नोटिशीला उत्तर द्यायचं ठरलं होतं: विहिरीला पाणी आलं आहे, जमीन ठोस आहे, आम्ही जागा सोडत नाही. बारा घरांच्या सह्या आणि सगळ्यांत वर बाबांची. बोलावं तर आपलेच दात आणि आपलेच ओठ. ज्या माणसाच्या शब्दावर खाण चालली त्याला चारचौघांत खोटं कसं पाडायचं? बाजूला घेऊन सांगायचं तर बाजूला हळू बोलतात, आणि हळू बोललेलं त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं.

शिवाय मला माझाच राग येत होता. दर आठवड्याला मी फोन करायची. तब्येत कशी, विचारलं की बाबा म्हणायचे ठोस. औषध घेतलं का, ठोस. पाऊस आहे का तिकडे, ठोस. मी हसून नवऱ्याला सांगायची की म्हातारा कसा मजेत आहे बघ. प्रश्न काय आणि उत्तर काय हे माझ्या एकदाही लक्षात आलं नाही. मला ठोसच ऐकायचं होतं.

विहारात सतरंजीवर सगळे बसले होते. कागद वाचून झाला. बाबांनी चष्मा लावला, पेन उघडलं. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "बाबा, काकूच्या घरात पोकळ वाजते."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. बाबांनी शेजारच्याला विचारलं, काय म्हणून राहिली हे. शेजारचा खाली बघत राहिला. मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. बाबा हसले, कानामागे हात नेऊ की नको असं करून तो खाली घेतला. जन्मात मी त्यांच्यावर आवाज चढवला नव्हता. तिसऱ्यांदा मला ओरडावंच लागलं.

"पोकळ आहे, बाबा! तुमाले आयकू नाही आलं!"

ते पोचलं. बाबांनी पेनाचं टोपण शोधलं, नीट लावलं. मग ते जमलेल्या गल्लीकडे बघून म्हणाले, "तीन वर्षं झाले. मले आयकू येत नाही. अंदाजानं सांगून राहिलो होतो."

मला वाटलं आता कोणीतरी चिडेल. घरात नातवंडं झोपतात, चिडायचा हक्क होता. पण शकुनकाकू पदर सावरत म्हणाली, "आमाले मालूम होतं, भाऊजी. शिटी नाही आयकू येत तुमाले, काठी काय येईन? पण तुमी ठोस म्हनलं का झोप लागे."

तेव्हा चिडले ती मीच. काकूवर, बाबांवर, तीन वर्षं झाकली मूठ सांभाळत बसलेल्या सगळ्या गल्लीवर. आणि मग स्वतःवरच, कारण चौथ्या मजल्यावर बसून मी तरी दुसरं काय केलं होतं. बाबा उठले. काठी माझ्याकडे करून एवढंच म्हणाले, "चाल. उजेड आहे तवर पाहून घेऊ."

आम्ही बाराही घरं केली. कुठे ठोकायचं ते बाबा दाखवत होते: कोपऱ्यात, चौकटीपाशी, चुलीच्या पुढ्यात. मी ठोकायची आणि सांगायची. पहिल्या दोन घरांत ओरडून सांगितलं. तिसऱ्या घरापासून बाबा माझ्या समोर येऊन उभे राहायला लागले. काठी पडली की ते माझ्या तोंडाकडे बघायचे आणि खडू घेऊन वळायचे. काकूच्या चौकटीवरची सकाळची खूण त्यांनी स्वतःच्या बाहीनं पुसली आणि तिथे फुली काढली. काकूनं फळीवरचे डबे खाली घ्यायला सुरुवात केली. पाच घरांवर फुल्या पडल्या. ज्यांच्या घरावर पडल्या नाहीत तेही दारात उभे राहून बाजूच्या घरातलं सामान धरू लागले. खाणीत एका जागी फुली पडली की अख्खी पाळी बाहेर काढत, ते ह्या लोकांना सांगावं लागलं नाही.

आमचं घर रांगेत शेवटचं. सूर्य टेकला होता. दारातून आत आडवं ऊन आलं होतं आणि त्यात धूळ दिसत होती. बाबांनी बसायच्या खोलीच्या मध्यावर, जिथे ते रोज जेवायला बसतात तिथे, बोट दाखवलं. मी ठोकलं. काठी नीट पडली नसेल म्हणून पुन्हा ठोकलं. मग जरा बाजूला सरकून अजून एकदा. आता हे त्यांना ओरडून कसं सांगायचं, म्हणून मी मान वर केली.

बाबा माझ्याकडेच बघत होते. माझं तोंड उघडायच्या आधीच त्यांनी हात वर केला.

"राहू दे वं बाई," ते म्हणाले, "दिसलं मले."